ताण किती दिवस द्यायचा?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत: पीएच.डी.चा प्रबंध शेवटच्या टप्प्यावर आलेला असताना माणसाचे पार पिचून जाणे. पहिले पत्र संशोधन करणाऱ्या एका प्राध्यापिकेचे, दुसरे एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे आणि तिसरे एका मार्गदर्शकांचे आहे. पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात गुंता अधिक आहे.

प्रश्न : आदरणीय ताई, मी चौतीस वर्षांची असून धायरीला राहते. दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते आणि पुरंदर तालुक्यातील अंजीर बागायतदार, त्यांचे पाणी व त्यांची बाजारपेठ या विषयावर पीएच.डी. करते. नोंदणी २०२१ च्या अखेरीस झाली. सहापैकी चार प्रकरणे मार्गदर्शकांकडे दिली आहेत. तिसरे प्रकरण तीनदा परत आले आणि प्रत्येक वेळी सूचना नव्या होत्या. आता बारामती भागाशी तुलना करणारा एक भाग वाढवावा, असेही त्यांनी सुचवले आहे. गेल्या दिवाळीपासून माझे एक पानही पुढे सरकलेले नाही. रात्री साडेनऊला स्वयंपाकघर आवरून, चहा घेऊन लॅपटॉप उघडते, दीड वाजेपर्यंत त्याच्यासमोर बसते आणि लिहिलेले एखादे वाक्यही खोडून टाकते. ज्या शेतकऱ्यांच्या बागांतून दोन वर्षे आनंदाने हिंडले, त्यांचे फोन आता उचलावेसे वाटत नाहीत. मे महिन्यात आठ दिवस वाईला माहेरी राहून आले, पण लॅपटॉप बरोबर होता आणि परतले ती तशीच. सासूबाई म्हणतात, "पाच वर्षे झाली, आता पुरे कर." नवरा काहीच म्हणत नाही, त्याचेच जास्त वाईट वाटते. माझ्यानंतर नोंदणी केलेल्या मैत्रिणीची मौखिक परीक्षा गेल्या महिन्यात झाली; तिचे पेढे खाताना मला रडू आले. मी आळशी झाले आहे का? की हे काम मुळातच माझ्या कुवतीबाहेरचे होते? सोडून द्यावे का?
एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : तुमच्या शेवटच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर मी लगेच देते, दुसरा तूर्त बाजूला ठेवायला सांगते आणि तिसऱ्यासाठी थोडा अवधी मागते.

तुम्ही आळशी झालेल्या नाही. आळशी माणूस रात्री दीड वाजेपर्यंत न सरकणाऱ्या पानासमोर बसत नाही. तो साडेनऊलाच झोपतो आणि सकाळी ताजातवाना उठतो. तुमच्या अवस्थेला आपल्याकडेही आता ‘बर्नआउट’ हाच शब्द रुळला आहे. हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये तो शास्त्रीय लेखनात आणला. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात तळमळीने राबणारे स्वयंसेवक काही काळाने आतून कोरडे होत जातात, हे त्याने पाहिले होते आणि स्वतःही भोगले होते. म्हणजे ही संज्ञा जन्माला आली तीच कामावर जीव असलेल्या माणसांच्या निरीक्षणातून. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०१९ मध्ये मान्य झाले, या अवस्थेची नोंद आजार म्हणून न होता कामाशी निगडित अवस्था म्हणून झाली आणि तिच्या तीन खुणा सांगितल्या गेल्या: शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे. प्रबंधलेखन ही नोकरी की शिक्षण, यावर विद्यापीठाच्या एखाद्या समितीत तासभर वाद रंगू शकेल. शरीराला मात्र त्यातला फरक कळत नाही.

या तीन खुणा तुमच्या पत्राशेजारी ठेवून पाहा. रात्रीचे रिते तास ही पहिली, शेतकऱ्यांचे न उचललेले फोन ही दुसरी आणि "हे माझ्या कुवतीबाहेरचे होते का" हा तुमचा दुसरा प्रश्न हीच तिसरी. म्हणूनच तो बाजूला ठेवा असे मी म्हणते. ताप असताना जेवण कडू लागले म्हणून स्वयंपाक बिघडला असे आपण ठरवत नाही, त्याच न्यायाने या अवस्थेत स्वतःच्या कुवतीविषयी मनात येणारे मत ग्राह्य धरू नये. शिवाय चार प्रकरणे लिहून झालेली आहेत, आणि ती तुम्हीच लिहिली आहेत.

आता सर्वांत आधी करायची गोष्ट प्रबंधातली नाही. याच आठवड्यात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि हिमोग्लोबिन, थायरॉईड व ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ यांची तपासणी करून घ्या. रक्तक्षय आपल्याकडे बायकांमध्ये सर्रास आढळतो आणि थायरॉईड मंदावला तर थकवा, जडपणा, विसराळूपणा आणि उदासी अशी सगळी लक्षणे दिसतात, जी आपण खुशाल ‘प्रबंधाचा ताण’ या खात्यावर मांडून मोकळे होतो. प्रबंध संपला की बरे वाटेल म्हणून वर्षभर थांबायचे आणि शेवटी दोष लोहाच्या कमतरतेचा निघायचा, असे मी पाहिलेले आहे. डॉक्टरांना मनाविषयीही मोकळेपणाने सांगा. कामाचा उबग आणि नैराश्य यांची सीमारेषा पुसट असते, तरी ढोबळ फरक असा की उबग कामाभोवती अधिक दाटतो आणि नैराश्य सगळ्याच गोष्टींवर पसरते. दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसाचा बहुतेक वेळ खिन्नपणे जात असेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल, भूक आणि झोप पार बदलली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटण्यास उशीर करू नका. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

रात्रीच्या चहाविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. साडेनऊच्या चहाचा निम्मा परिणाम म्हणजे रात्री अडीचपर्यंत तुमच्याबरोबर जागा असतो आणि तुम्हाला सकाळच्या तासाला वेळेवर पोहोचायचे असते. रात्रीची बैठक बंद करा. त्या चार तासांत एक वाक्यही टिकत नसेल, तर त्यांचा त्याग करताना तुमचे काहीही बुडत नाही.

वाईच्या आठ दिवसांनी का बरे वाटले नाही, हा मला तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटला. लॅपटॉप बरोबर होता, हे कारण तुम्ही स्वतःच लिहिले आहे. पण त्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते समजण्यासाठी तुमच्याच अभ्यासविषयाकडे जावे लागेल. अंजिराचा बहार धरण्यापूर्वी बागायतदार बागेला ताण देतो, म्हणजे ठरवून पाणी तोडतो. अंजिराच्या दोन हंगामांपैकी खट्टा बहार धरायचा की मीठा, जमीन हलकी की भारी, यांवर ताण किती दिवस द्यायचा हे अवलंबून असते आणि हे दिवस पुरे झाले की तो पाणी सोडतो. ताण वाईट नाही. त्याच्याशिवाय बहार फुटत नाही. परंतु किती दिवस, हे न ठरवता ताण देणारा शेतकरी तुम्हाला पुरंदरमध्ये एकही भेटला नसेल. तुम्ही मात्र स्वतःला गेल्या दिवाळीपासून असा ताण देत आहात, ज्याचा शेवटचा दिवस कोणीच ठरवलेला नाही. माहेरी गेलात तरी पाणी तुटलेलेच होते, कारण कामाला कोठे काठच नाही. वर्गात शिकवताना प्रबंध राहिल्याची टोचणी, प्रबंधासमोर बसल्यावर उद्याच्या तासाची आणि दोन्ही सोडून माहेरी बसल्यावर दोन्हींची.

काठ नसलेले हे काम पूर्वी थोडे वेगळे होते. माझा प्रबंध टंकलेखकाकडून टंकलिखित करून घेतलेला होता. एका परिच्छेदात बदल करायचा म्हणजे कार्बन घालून सगळी पाने पुन्हा काढायची आणि त्याचे पैसे मोजायचे, त्यामुळे मी काय किंवा माझे मार्गदर्शक काय, जीव गेल्याशिवाय बदल सुचवत नसू. तो काळ चांगला होता असे मला म्हणायचे नाही, टंकलेखकाच्या दारात घातलेल्या चकरा मी विसरलेले नाही. पण खर्च आणि कागद यांनी कामाला एक आपोआपची हद्द घातलेली होती. लॅपटॉपवर खोडणे फुकट असते. तिसरे प्रकरण म्हणूनच तीनदा परत येते आणि चौथ्यांदाही येऊ शकते.

पुण्यात राहणाऱ्या संशोधकावर आणखी एक अदृश्य दडपण असते, असे मला नेहमी वाटत आले आहे. हे दीर्घ कामांचे शहर आहे. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. प्रमुख संपादक वि. सी. सुखटणकर १९४३ मध्ये गेले, तेव्हा ते काम अर्ध्यावर होते आणि इतरांनी ते पुढे नेले. डेक्कन कॉलेजात संस्कृत भाषेच्या महाकोशाचे काम १९४८ पासून चालू आहे. अशा परंपरेच्या सावलीत बसून लिहिताना आपलाही प्रबंध त्या विषयावरचा अखेरचा शब्द असावा, असे वाटू लागते. पण ती कामे संस्थांची होती, अनेक पंडितांच्या पिढ्यांत वाटलेली होती आणि भागाभागाने प्रसिद्ध होत गेली. तुम्ही एकटीने, सासर, दोन महाविद्यालये आणि तासिकेच्या मानधनावर, पदवीसाठी एक प्रबंध लिहीत आहात. एक मर्यादित प्रश्न विचारून त्याचे पद्धतशीर उत्तर देता येते, एवढे त्यातून दिसले की पुरे असते.

तेव्हा कामाला काठ घालायचे. कसे, ते सांगते.

प्रथम तीन आठवड्यांची खरी सुट्टी घ्या. महाविद्यालयातून शक्य नसेल तर निदान प्रबंधातून. मार्गदर्शकांना दोन ओळींचा ई-मेल लिहा की प्रकृतीच्या कारणाने अमुक तारखेपर्यंत प्रबंधाचे काम थांबवत आहे आणि अमुक तारखेला भेटायला येते. परतीची तारीख लिहिणे अत्यावश्यक आहे, कारण तीच तुमच्या विश्रांतीची हद्द आणि तोच तिचा परवाना. लॅपटॉप नवऱ्याच्या ताब्यात द्या. तो काही म्हणत नाही असे तुम्ही लिहिता. बहुधा काय म्हणावे हे त्याला सुचत नसेल. त्याला सहानुभूती मागू नका, काम सांगा: लॅपटॉप कपाटात ठेव, रात्रीची आवराआवर तीन आठवडे तुझी आणि आईंना उत्तर देण्याचे कामही तुझेच. मौन धरणारी माणसे नेमके काम मिळाले की बऱ्याचदा बोलकी होतात.

या तीन आठवड्यांत सकाळी चालायला जा. धायरीहून तळजाई फार लांब नाही. आणि एखाद्या रविवारी, वही व ध्वनिमुद्रक घरी ठेवून, सासवडच्या बाजूला ज्यांच्याकडे तुमचे सर्वांत जास्त जमत असे त्या शेतकऱ्याच्या बागेत जाऊन या. मुलाखत घ्यायची नाही, तुमच्या प्रबंधाचे काय झाले असे त्यांनी विचारले तर "रखडला आहे" असे सरळ सांगायचे. शेतकऱ्याला रखडलेले पीक समजावून सांगावे लागत नाही.

परतल्यावर पहिले काम लिहिण्याचे नसून मोजण्याचे आहे. तुमचा मान्य झालेला संशोधन आराखडा काढा आणि त्यातील प्रत्येक उद्दिष्टासमोर ते कोणत्या प्रकरणात पूर्ण झाले ते लिहा. प्रबंधाने उत्तर द्यायचे आहे ते या उद्दिष्टांना. बारामतीची तुलना त्यात नसेल, तर तिची जागा शेवटच्या प्रकरणातील ‘पुढील संशोधनास वाव’ या भागात आहे, आणि ती तिथे सन्मानाने ठेवता येते. त्या भागाकडे विद्यार्थी शेवटच्या रात्री उरकायचे दोन परिच्छेद म्हणून पाहतात. तो खरे तर प्रबंधाचे कुंपण आहे. आजपासून त्याच्यासाठी वेगळी वही करा आणि मनात येणारी प्रत्येक मोहक फांदी, मग ती मार्गदर्शकांची असो की तुमची, त्या वहीत टाका.

मग रोजची हद्द. सकाळी दीड तास, आठवड्यातून पाच दिवस. सव्वासातला थांबायचे असेल तर सव्वासातला थांबायचे, ओघात असलात तरी. पहिल्या पंधरवड्यात युक्तिवाद लिहू नका. थकलेल्या मनाला तक्ते तपासणे, नकाशांखाली मजकूर घालणे, संदर्भसूचीतील वर्षे जुळवणे अशी कामे झेपतात, आणि प्रबंधात ती कधी ना कधी करावीच लागतात. त्यानंतर पाचव्या प्रकरणातील शेतकऱ्यांच्या स्वतःच्या निवेदनांपासून सुरुवात करा, कारण तुमचे प्रेम तिथे होते. तिसऱ्या प्रकरणाला मार्गदर्शकांशी बोलणे होईपर्यंत हात लावू नका.

मार्गदर्शकांविषयी. तुमच्या पत्रावरून ते दुष्ट वाटत नाहीत. प्रत्येक वाचनात त्यांना नवे काही सुचते, हा विद्वत्तेचा गुण आणि मार्गदर्शनाचा दोष आहे. त्यांना भेटताना प्रकरण नेऊ नका, एक पान न्या: डावीकडे त्यांच्या तिन्ही वेळच्या सूचना, उजवीकडे त्यांवर काय केले. मग एकच प्रश्न विचारा: "सर, आणखी नेमके काय झाले म्हणजे हे प्रकरण पूर्ण समजायचे?" जे सांगतील ते त्याच संध्याकाळी ई-मेलने लिहून पाठवा, "आज ठरल्याप्रमाणे" या शब्दांनी सुरुवात करून. यात अविश्वास नाही, दोघांच्याही स्मरणशक्तीला आधार आहे. एवढे करूनही सूचना वाढतच गेल्या, तर संशोधन सल्लागार समितीसमोरचे तुमचे सहामाही सादरीकरण ही त्यासाठीचीच जागा आहे. ‘आराखड्यातील उद्दिष्टे पूर्ण झाली असून व्याप्ती निश्चित करावी’ असे तिथे नम्रपणे मांडता येते. समितीच्या इतिवृत्तात व्याप्ती एकदा नोंदली गेली की मार्गदर्शकांनाही सुटल्यासारखे होते, हा माझा अनुभव आहे.

मुदतीची भीती तुमच्या पत्रात शब्दांत नसली तरी आहे. तुमची नोंदणी २०२१ ची असल्यामुळे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१६ चे नियम तुम्हाला लागू होतात. ७ नोव्हेंबर २०२२ पासूनच्या नोंदणीला नवे नियम आहेत. जुन्या नियमांत कमाल मुदत सहा वर्षांची आहे आणि महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत देता येते. ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, म्हणून विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात जाऊन तुमच्या नोंदणीची अचूक तारीख आणि अर्जाची पद्धत विचारून घ्या. याच नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी संशोधन-पत्रिकेत किमान एक लेख आणि परिषदांत दोन सादरीकरणे आवश्यक आहेत. नव्या नियमांत ही सक्ती उरलेली नाही, त्यामुळे मैत्रिणींच्या सांगण्यावर विसंबू नका. सवलत मागा, पण ती सगळी वापरण्याचे योजू नका.

राहिला सोडण्याचा प्रश्न. प्रबंध अर्ध्यावर सोडणे हे पाप नाही. विचारपूर्वक सोडलेली माणसे मला माहीत आहेत आणि त्यांतील काहींनी हाती असलेल्या सामग्रीवर उत्तम लेख लिहिले. मात्र हा निर्णय रक्ताचे अहवाल हातात आल्यावर, तीन आठवड्यांची विश्रांती झाल्यावर आणि मार्गदर्शकांशी ती एक भेट झाल्यावर घ्यावा. त्या वेळी स्वतःला "मला जमेल का" असे विचारू नका. "उरलेल्या दोन प्रकरणांतले काही मला अजून सांगावेसे वाटते का" असे विचारा. उत्तर ‘नाही’ असे आले आणि महिनाभर तसेच राहिले, तर सोडा, आणि सासूबाईंचे ऐकून सोडले असे कोणाला म्हणू देऊ नका.

प्रश्न : आमचा मुलगा पुण्यात रसायनशास्त्रात पीएच.डी. करतो. सहावे वर्ष चालू आहे. औंध रस्त्यावर तिघांबरोबर खोली घेऊन राहतो. फेलोशिप बंद झाल्यापासून तो बार्शीला आलेला नाही. फोनवर "झाले की येतो" एवढेच म्हणतो. आम्ही दर रविवारी विचारतो, कधी संपणार? आवाज खोल गेलेला वाटतो. आम्ही शिकलेलो बेताचेच; काय बोलावे ते कळत नाही.
एक वडील, बार्शी

उत्तर : दादा, पहिली गोष्ट म्हणजे तो रविवारचा प्रश्न थांबवा. "कधी संपणार" हा प्रश्न तो रोज सकाळी स्वतःला विचारतो आणि उत्तर नसल्यामुळेच गावी येत नाही. प्रयोगशाळेतील कामाचा शेवट विद्यार्थ्याच्या इच्छेने ठरत नाही. एखादी अभिक्रिया तीन महिने साधत नाही, यंत्र बिघडते, नमुना दुसऱ्या संस्थेत तपासणीसाठी रांगेत पडून राहतो. त्याऐवजी आज काय जेवलास, खोलीत कोण कोण आहे, असे विचारा.

पैशांचे मात्र तुम्ही स्वतःहून काढा. केंद्राची फेलोशिप, ज्याला विद्यार्थी जेआरएफ-एसआरएफ (आधी कनिष्ठ, मग वरिष्ठ संशोधन फेलोशिप) म्हणतात, ती दोन अधिक तीन अशी पाच वर्षे मिळते. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम पहिल्या टप्प्यात महिना ३७,००० आणि दुसऱ्या टप्प्यात ४२,००० रुपये आहे. प्रबंध पुष्कळांचा सहाव्या वर्षात जातो, म्हणजे सर्वांत जास्त काम असते त्याच वर्षी हातात काही येत नाही. तिशीकडे झुकलेल्या, पाच वर्षे स्वतःचे भागवलेल्या मुलाला वडिलांकडे पुन्हा पैसे मागणे फार जड जाते आणि तो एक वेळचा डबा बंद करून ते टाळतो. शक्य असेल तर सहा महिन्यांची खोली आणि डबा यांची जबाबदारी घ्या आणि ती एकदाच, स्पष्ट शब्दांत सांगा. दर महिन्याला त्याने मागावे अशी वाट पाहू नका.

आणि आवाज खोल गेला आहे, असे तुम्हाला वाटते ना? मग फोनवर थांबू नका, एसटीने पुण्याला या. न कळवता नको, पण खरे कारण सांगू नका: "शिवाजीनगरला काम होते, तुझ्याकडे मुक्काम करतो." त्याची खोली पाहा, त्याच्याबरोबर जेवा, संध्याकाळी फिरायला जा. तो "काही अर्थ नाही", "सुटलो तर बरे" असे काही बोलला, किंवा तुमच्या मनात शंका आली, तर सरळ विचारा: "जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार येतो का रे?" असे विचारल्याने तो विचार मनात येतो, ही समजूत चुकीची आहे, विचारल्याने बोलण्याची वाट मोकळी होते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. वर दिलेला १४४१६ हा क्रमांक तुम्हालाही वापरता येतो. तसे काही नसेल तर त्याला दोन दिवस घरी चल म्हणा. "झाले की" नव्हे, या शनिवारी.

तुम्ही बेताचे शिकला आहात, याचा यात काही अडथळा नाही. त्याच्या प्रयोगशाळेत शिकलेली माणसे पुष्कळ आहेत. जेवलास का विचारणारे मात्र तिथे कोणी नसेल.

प्रश्न : मी एका महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक असून पीएच.डी.चा मार्गदर्शक आहे. माझी एक हुशार विद्यार्थिनी चार महिन्यांपासून मेलला उत्तर देत नाही. मी दोनदा आठवण केली, शेवटी थोडे कडक शब्दही लिहिले. आता काय करावे?
एक मार्गदर्शक, पुणे

उत्तर : सर, गप्प झालेला विद्यार्थी बहुतेक वेळा लाजलेला असतो. दाखवण्याजोगे काही नाही म्हणून तो उत्तर लांबवतो आणि उत्तर लांबले म्हणून त्याला अधिक लाज वाटते. तुमच्या कडक मेलने त्यात भरच पडली असेल. आता तिसरा मेल पाठवा, दोन ओळींचा, ज्यात प्रकरणाचा उल्लेख नसेल: "काही लिहून आणू नका. गुरुवारी चारला विभागात चहाला या." गुरुवारी आली तर पहिला अर्धा तास प्रकृती आणि घर यांखेरीज काही विचारू नका. नाही आली, तर तिच्या एखाद्या सहसंशोधकाकडून ती ठीक आहे एवढी खात्री करून घ्या आणि पुढच्या गुरुवारचे निमंत्रण द्या.

एक प्रश्न मात्र मीच तुम्हाला विचारते, राग मानू नका. नियमाप्रमाणे सहयोगी प्राध्यापकाला एका वेळी सहा संशोधक विद्यार्थी घेता येतात. तुमच्याकडे किती आहेत आणि या विद्यार्थिनीने शेवटचे प्रकरण दिले तेव्हा ते तुमच्या टेबलावर किती आठवडे होते? ती तारीख मेलमध्ये शोधून पाहा. उत्तर तीन महिन्यांच्या आसपास निघाले, तर गुरुवारच्या भेटीत तिच्या आधी तुम्ही दिलगिरी व्यक्त करा आणि यापुढे कोणतेही प्रकरण पंधरा दिवसांत परत देईन, असे तिला लिहून द्या.